शायलॉकला कोणी विचारले होते का?

रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायरीवर चपला शोधत होतो. तोच आमच्याच चाळीतल्या एक ताई पुढे आल्या. जयभीम झाला. ताई चार घरची धुणीभांडी करतात, त्यांचे यजमान भाजी मार्केटात हमाली करतात. मुलगा मात्र कॉन्व्हेंटमध्ये, नववीत. ताई थोडा वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या आणि मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, ज्यू म्हणजे काय हो? आमच्या पोराला वर्गातली पोरं ज्यू म्हणतात. शिवी आहे का ती? आपल्या जातीवरनं आहे का?"

वाचकहो, आमच्याकडे कोणत्या तक्रारी येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. रेशनकार्डात नाव नाही, जातीचा दाखला अडला, पी.एफ. मिळत नाही. त्यांची उत्तरे आमच्या पिशवीत तयार असतात. या प्रश्नाचे नव्हते. ज्यू म्हणजे यहुदी, एवढे आम्ही सांगितले. दिलीपकुमारचा १९५८ सालचा ‘यहुदी’ आमच्या वडिलांचा आवडता, त्यामुळे शब्द ओळखीचा. पण चाळीतल्या बौद्ध पोराला कोणी यहुदी का म्हणावे, हे काही उमजेना.

"मुख्याध्यापिकेला अर्ज लिहून देऊ का?" आम्ही विचारले. ताई एकदम घाबरल्या. "नको नको भाऊ. नाव काढून टाकतील."

ही भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क आहे, आणि तो असलाच पाहिजे. आपण बौद्धही अल्पसंख्याकच आहोत. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने गरीब मुलांसाठी ज्या २५ टक्के जागा ठेवल्या, त्या कायद्यातून अल्पसंख्याक शाळा सुटल्या, असे सुप्रीम कोर्टाने २०१४ साली ठरवले. म्हणजे ताईंच्या मुलाला ज्युनियर के.जी.त जागा मिळाली ती कायद्याने नव्हे, तेव्हाच्या सिस्टरांच्या शब्दाने. शब्दाने मिळालेली वस्तू शब्दाने जाईल असे एखाद्या आईला वाटले तर नवल ते काय!

संध्याकाळी मुलाला बोलावून घेतले. आधी बोलेना. चहा-खारी झाल्यावर बोलला. इंग्लिशच्या तासाला रॅपिड रीडरमध्ये ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ची गोष्ट झाली. त्यात शायलॉक नावाचा ज्यू सावकार आहे, पैशाचा लोभी. त्यानंतर आठवड्याने ऑफिसचा शिपाई वर्गात कागद घेऊन आला आणि शिष्यवृत्तीची कागदपत्रे आणून द्यायची म्हणून तीन नावे मोठ्याने वाचली. हा उठून उभा राहिला. मागच्या बाकावरून आवाज आला, "पैसे घ्यायला शायलॉक उठला!" वर्ग हसला. त्या दिवसापासून आधी शायलॉक आणि मग नुसतेच ज्यू.

"आणि इंग्लिश कोण शिकवतं रे तुम्हाला?" आम्ही विचारले. त्याने आमच्याकडे बघितले आणि मान खाली घातली. आमच्या थोरल्या भावाची मुलगी! एम.ए., बी.एड. चार वर्षांपूर्वी त्या शाळेत ती इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागली, तेव्हा महिला मंडळाने शाल-पुष्पगुच्छ देऊन तिचा सत्कार केला होता आणि भाषण आम्हीच ठोकले होते. जोतिबा फुले १८४१ साली पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकायला गेले इथपासून सुरुवात करून, आज आपली लेक मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवायला चालली आहे, इथे टाळ्या घेतल्या होत्या. आता तिच्याच तासातून ही शिवी निघाली. अर्ज कोणाविरुद्ध लिहायचा?

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हेनिस हे इटलीतले व्यापारी शहर. तिथे अँटोनिओ नावाचा ख्रिस्ती व्यापारी. मित्राच्या लग्नासाठी त्याला तीन हजार डकॅट, म्हणजे नाणी, हवी असतात. त्याची स्वतःची जहाजे समुद्रात असतात. म्हणून तो शायलॉककडे जातो. याच अँटोनिओने पूर्वी शायलॉकवर थुंकलेले असते, त्याला कुत्रा म्हटलेले असते. शायलॉक म्हणतो, व्याज नको, पण तीन महिन्यांत पैसे आले नाहीत तर तुझ्या अंगातले एक पौंड मांस कापून घेईन. मुदत टळते, खटला उभा राहतो. मित्राची नवी नवरी पोर्शिया वकिलाच्या वेषात येते आणि म्हणते, मांस घे, पण करारात रक्ताचा शब्द नाही. एक थेंब सांडलास तर तुझे सर्वस्व जप्त. शायलॉक हरतो.

आता आम्ही बी.कॉम. माणूस, म्हणून एक सांगावेसे वाटते. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम २३ असे की, ज्या कराराच्या उद्देशात दुसऱ्याच्या शरीराला इजा येते तो करार मुळातच रद्द. आपल्याकडे हा खटला पाच मिनिटांत निकाली निघाला असता आणि पोर्शियाबाईंना वेषांतर करावे लागले नसते! असो.

बहुतेक लोक गोष्ट सांगताना इथेच थांबतात. पण ती इथे संपत नाही. शायलॉकची संपत्ती काढून घेतली जाते, आणि दंडातून सूट हवी असेल तर ख्रिस्ती हो, अशी अट त्याला घातली जाते. म्हातारा ती कबूल करतो, प्रकृती बरी नाही म्हणतो आणि निघून जातो. मग पुढे अंगठ्यांची गंमत आणि सगळे हसतखेळत.

दुसऱ्या दिवशी पुतणीला घरी बोलावले. तिला काही कल्पनाच नव्हती. ऐकून तिचा चेहरा उतरला, पण पहिले वाक्य निघाले ते बचावाचेच. "काका, मी पुस्तकात आहे तेच शिकवलं." आम्ही म्हटले, काय शिकवलेस ते दाखव. तिने वही उघडली. शायलॉकचे स्वभावचित्र, फळ्यावरून उतरवून दिलेले: क्रूर, लोभी, सूड घेणारा, ख्रिस्ती लोकांचा द्वेष करणारा. सहा ओळी. परीक्षेत पाच गुणांना येते. वर्गात ६४ मुले, तास ३५ मिनिटांचा, युनिट टेस्टच्या आत पोर्शन संपवायचा. व्याकरणाला रेन अँड मार्टिन वेगळे. "सगळेच असं करतात काका. गाइडमध्येही हेच आहे."

आम्हाला राग आला नाही, कारण आम्ही असेच शिकलो. मराठी माध्यमाच्या शाळेत आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते (पहिलीपासून झाले ते २००० साली). धड्याखालचे शब्दार्थ, प्रश्नोत्तरे आणि कवितेचा सारांश, सगळे तोंडपाठ. कवितेतले फूल कोणते हे मास्तरांनाही दाखवता येत नसे. शंभरात ४२ मिळाले होते. आज ऑफिसात ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’ आम्ही डोळे मिटून लिहितो, पण साहेब चुकीचे बोलत असताना ‘हे बरोबर नाही’ हे इंग्रजीतून सांगायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. इंग्रजी आले, पण त्यात भांडता येत नाही. पालक मात्र पोराला कॉन्व्हेंटमध्ये घालतात ते मुलाखतीत फाडफाड बोलता यावे म्हणून. फाडफाड काय बोलायचे, याची चौकशी कोणी करत नाही. चाळीत आम्हीही कधी केली नाही.

मग आम्ही तिला विचारले, "शेवटचं पान? तो ख्रिस्ती होतो ते?"

पुतणी गप्प बसली. मग म्हणाली, "ते मी नुसतं वाचून टाकलं. समजावलं नाही. सीनियर टीचर म्हणाल्या, त्या पानात शिरू नकोस. आणि काका, मला पण तेच बरं वाटलं. मी बौद्ध, शाळा ख्रिश्चन, विषय धर्मांतराचा. काही बोलले तरी कोणाला तरी लागणार. माझी शिक्षण खात्याची मान्यता अजून यायची आहे."

बघा, म्हणजे आई घाबरते प्रवेशासाठी आणि शिक्षिका घाबरते मान्यतेसाठी. या दोन भीतींच्या मध्ये तो पोरगा बाकावर बसलेला.

मुलांच्या हातात असलेली गोष्ट शेक्सपियरची नव्हे. ती चार्ल्स आणि मेरी लँब या भावंडांनी १८०७ साली मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकातली. वीस नाटके त्यांनी गोष्टीरूप केली. सुखान्त नाटकांच्या गोष्टी बहिणीच्या, शोकान्त भावाच्या. म्हणजे ही गोष्ट मेरीची. पहिल्या आवृत्तीवर नाव मात्र एकट्या भावाचे! पुस्तक गोड आहे, इंग्रजी सोपे आहे, जगभरच्या मुलांना शेक्सपियर भेटला तो याच दारातून. पण नाटक छोटे करताना मेरीबाईंनी जे गाळले, त्यात शायलॉकचे सर्वांत मोठे बोलणे गेले. तिसऱ्या अंकात आपल्या टवाळखोरांना तो उत्तर देतो: आमचे शरीर तुमच्यासारखेच आहे, दुखते तसेच, मरते तसेच, आणि सूड घ्यायला आम्ही शिकलो तो तुमच्याकडूनच. थुंकल्याचा उल्लेख लँबच्या गोष्टीत राहिला, पण हे उत्तर राहिले नाही. आय.सी.एस.ई. बोर्डाच्या शाळांत हे नाटक अनेक वर्षे मूळ शब्दांत नेमलेले असे, त्या मुलांना ते भाषण पाठ असायचे. आमच्या एस.एस.सी.च्या मुलांना गोष्ट मिळाली, उत्तर नाही मिळाले.

हे आम्हाला पुतणीनेच समजावून सांगितले. एम.ए.ला तिने ते नाटक अख्खे अभ्यासले होते! "मग वर्गात का नाही सांगितलंस?" असे आम्ही विचारले नाही. ते ती स्वतःलाच विचारत होती. जाताना म्हणाली, "काका, अर्ज आठ दिवस थांबवा."

त्या आठ दिवसांत काय झाले ते आम्हाला तिच्याकडून कळले आणि मुलाकडून कळले. दोघांची हकिकत बहुतेक जुळते, म्हणून लिहितो.

पहिल्या तासाला तिने फळ्यावर दोनच गोष्टी लिहिल्या, १२९० आणि १५१६. १२९० साली इंग्लंडच्या राजाने सर्व ज्यूंना देशाबाहेर घालवले. शेक्सपियरने हे नाटक १५९६-९७ च्या सुमारास लिहिले, तेव्हा त्या देशात उघडपणे ज्यू म्हणून राहण्याची कोणाला सोय नव्हती. ज्यांच्याविषयी लोक नाटक बघत होते, त्यांचा शेजार त्यांना ठाऊकच नव्हता. आणि १५१६ साली व्हेनिस शहराने ज्यूंसाठी वेगळी वस्ती नेमली. तिला घेट्टो म्हणत. पुढे जगभर हाच शब्द झाला. रात्री वस्तीचे दरवाजे बाहेरून बंद. पहारेकऱ्यांचा पगार वस्तीतल्या लोकांनीच द्यायचा. अंगावर ठरलेली पिवळी खूण किंवा टोपी घालून हिंडायचे. जमीन घ्यायची नाही. बहुतेक धंदे बंद. जुने कपडे विकावेत, वैद्यकी करावी किंवा व्याजाने पैसे द्यावेत. ख्रिस्ती माणसाने व्याज घेणे चर्चला मान्य नव्हते, पण कर्ज तर सर्वांनाच लागे. म्हणजे एकच दार उघडे ठेवायचे आणि त्या दारातून माणूस आत गेला की म्हणायचे, बघा, किती लोभी!

वाचकहो, गावकुसाबाहेर ज्यांचे आजे-पणजे राहिले, मेलेली ढोरे ओढायला लावून वर ज्यांना ढोरे ओढणारे म्हणून हिणवले, त्यांना हे वाचताना काय आठवेल ते आम्ही लिहायला नको. पुतणीनेही वर्गात त्याचा उच्चार केला नाही. तिचे म्हणणे असे की, ते ज्याचे त्याला आठवू द्यावे. आम्ही तिच्या जागी असतो तर भाषण केले असते आणि वर्ग हातचा घालवला असता.

दुसऱ्या तासाला तिने नाटकाचे पुस्तक आणले आणि तिसऱ्या अंकातले ते बोलणे वाचायला दिले. कोणाला? ताईंच्या मुलाला नव्हे. ज्याने मागच्या बाकावरून पहिला आवाज टाकला होता त्याला. त्याने हसत सुरुवात केली. पण बोलणे शायलॉकचे, म्हणजे ‘मी’ म्हणून वाचायचे. ज्या शब्दाने तो दुसऱ्याला चिडवत होता, तो शब्द आता स्वतःला लावून मोठ्याने म्हणायचा. चौथ्या-पाचव्या ओळीला त्याचे हसणे गेले, असे ताईंचा मुलगा सांगतो. पुतणी म्हणते की तसे काही नव्हते, त्याला जुने इंग्रजी जड जात होते. खरे काय ते त्या मुलालाच ठाऊक.

मग तिने सांगितले की ज्यू काही फक्त व्हेनिसला नसतात. आपल्या कोकणात शेकडो वर्षे बेने इस्रायली राहिले. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावाने नाव ठेवले ‘शनिवार तेली’. आडनावे दिवेकर, पेणकर, केहिमकर. घरात मराठी. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली झाले, दिवेकरांनीच बांधले. १९४८ नंतर बरेच जण इस्रायलला गेले, तिथेही काही घरांतून मराठी चालू राहिली. वर्गातल्या एका मुलाने विचारले, "मिस, म्हणजे ज्यू दिवेकर असू शकतो?" वर्ग पुन्हा हसला, पण हे हसणे निराळे होते.

याच बेने इस्रायली समाजातले निस्सीम इझिकेल, १९२४ साली मुंबईत जन्मलेले, वडील प्राध्यापक. शिकले मुंबईच्या कॅथलिक शाळेत. त्या शाळेत ज्यू म्हणून आपल्याला काय काय ऐकावे लागले, ते त्यांनी पुढे ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या इंग्रजी कवितेत लिहून ठेवले आहे. भारतातल्या इंग्रजी कवितेत त्यांचे नाव पहिल्या रांगेत घेतात. १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २००४ साली वारले. ज्या भाषेत चिडवले गेले, त्याच भाषेत त्यांनी हिशेब मांडला. पुतणीने ती कविता वर्गात वाचली नाही, वेळ नव्हता. ताईंच्या मुलाने मात्र नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले होते. आम्ही पाहिले. स्पेलिंग चुकलेले.

तिसरा तास शेवटच्या पानाचा. या वेळी तिने ते पान सावकाश वाचले आणि विचारले, एनी क्वेश्चन्स? कोणी बोलेना. मग ताईंचा मुलगा उठला. इंग्रजीत सुरुवात केली, अडला, आणि मराठीत म्हणाला, "मिस, त्याला कोणी विचारलं होतं का?"

"काय विचारलं होतं का?"

"की तुला व्हायचंय का म्हणून."

त्या शाळेत मराठी बोलले की दहा रुपये दंड. पुतणी म्हणते, दंडाची आठवण मला झालीच नाही.

वाचकहो, आम्ही हे ऐकले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. या पोराला हा प्रश्न सुचला तो कुठून? बाबासाहेबांनी येवल्याला घोषणा केली १९३५ साली आणि दीक्षा घेतली १९५६ साली. मधली एकवीस वर्षे त्यांनी धर्म तपासले, वाचले, लोकांना विचार करायला लावले. निरनिराळ्या धर्मांचे लोक बोलवायला आले, त्यात ख्रिस्तीही होते. नागपूरला जे जमले ते आपल्या पायांनी आले होते, कोणाचा दंड माफ व्हायचा नव्हता. उलट पुढे कित्येक वर्षे सवलती गेल्या, १९९० पर्यंत! आमच्या आजीने त्या वेळी घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले, हे ती शेवटपर्यंत सांगायची. अशा घरातल्या पोराला वाटणारच, की धर्म बदलला तर कोणीतरी विचारले असेल ना?

उत्तर दिले ते पुतणीने नव्हे. दुसऱ्या बाकावरची एक कॅथलिक मुलगी उठली आणि म्हणाली, "मिस, दॅट इज नॉट बाप्टिझम." त्यांना कॅटेकिझमच्या तासाला शिकवतात की मोठ्या माणसाला त्याच्या मर्जीशिवाय बाप्तिस्मा देता येत नाही. मग अँटोनिओ चांगला ख्रिश्चन कसा, यावर वर्गात असा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातल्या टीचर बघायला आल्या. कोणी म्हणाले तेव्हा असेच होते, कोणी म्हणाले जीव वाचला ना, मग झाले. घंटा झाली तरी थांबेनात. ६४ मुले इंग्रजीत भांडत होती, निम्मी चुकीच्या इंग्रजीत.

अर्थात प्रकरण ऑफिसात गेलेच. एका पालकाचा फोन आला की टीचर इंग्लिशच्या तासाला हिस्टरी शिकवतात, पोर्शन कधी संपणार? पुतणीला बोलावणे आले. तिने आम्हाला कळवले आणि आम्ही ताईंना घेऊन त्याच दिवशी शाळेत गेलो. ताई आमच्या मागे, पदर घट्ट धरून.

मुख्याध्यापिका सिस्टर मूळच्या वसईच्या, मराठी आमच्यापेक्षा शुद्ध. सुरुवातीला त्या नाराजच होत्या. म्हणाल्या, शिक्षिकेने आधी मला विचारायला हवे होते. हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पण ते पान सोडायला सांगितले गेले होते हे ऐकल्यावर त्या थोडा वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्यू लोकांविषयी आमच्या चर्चमध्ये शतकानुशतके वाईट शिकवलं गेलं. १९६५ साली व्हॅटिकनने लेखी जाहीर केलं की येशूच्या मरणाचा दोष सगळ्या ज्यूंना देता येणार नाही, तेव्हाच्याही नाही आणि आताच्याही नाही. रोमने लिहून दिलं, तर आम्ही वर्गात एक पान का झाकायचं?" त्या निवेदनाचे नाव ‘नोस्त्रा एताते’, हे आम्ही तिथेच कागदावर लिहून घेतले.

मग सिस्टर ताईंकडे वळल्या आणि मुलाला काय त्रास झाला ते विचारले. आम्ही बोलायला तोंड उघडले होते, पण ताईच बोलल्या. "सिस्टर, ज्यू म्हटलं त्याचं मला आता काही नाही. भाऊंनी सांगितलं ती चांगली माणसं आहेत. पण स्कॉलरशिपचं नाव वर्गात वाचू नका. बाकी पोरं बघतात."

वाचकहो, पंधरा वर्षे आम्ही निवेदने लिहितो आहोत, इतके नेमके निवेदन आम्हाला जमलेले नाही. सिस्टरांनी तिथल्या तिथे क्लार्कला बोलावले आणि सांगितले की यापुढे शिष्यवृत्तीची यादी वर्गात वाचायची नाही, पालकांना ऑफिसातून चिठ्ठी जाईल. आम्ही कारकुनी सवयीने हे लेखी मागितले. सिस्टर हसल्या, पण नोटीस काढली. तिची एक प्रत आमच्याकडे आहे. तुमच्या मुलांच्या शाळेत नावे वर्गात पुकारत असतील, तर मंडळाच्या ऑफिसात संध्याकाळी सात नंतर येऊन नमुना घेऊन जावा.

दंडाचे दहा रुपये मात्र शाळेने बंद केले नाहीत. त्यावर सिस्टरांचे आणि आमचे एकमत झाले नाही, तो विषय पुढे कधीतरी.

चिडवणे थांबले का? पूर्ण नाही. एक-दोघे अजून शायलॉक म्हणतात. मुलगा वळून म्हणतो, "बोल रे अँटोनिओ." मग तेच ओशाळतात.

गेल्या आठवड्यात युनिट टेस्टचे पेपर मिळाले. पाच गुणांचा प्रश्न होताच, शायलॉकचे स्वभावचित्र. बहुतेकांनी वहीतल्या सहा ओळी लिहिल्या आणि पाचपैकी पाच घेतले. ताईंच्या मुलाने त्या लिहिल्या नाहीत. त्याने स्वतःच्या इंग्रजीत लिहिले की शायलॉक क्रूर झाला हे खरे, पण आधी काय काय झाले ते बघावे. आणि शेवटी लिहिले की कोर्टात सगळे त्याच्याकडे दया मागत होते, त्याच्यावर मात्र कोणी केली नाही. साडेतीन मिळाले.

ताई पेपर घेऊन थेट पुतणीकडे गेल्या. आता त्या शाळेच्या गेटवर घाबरत नाहीत. "बाई, स्वतःच्या मनानं लिहिलं तर दीड मार्क कमी का?" पुतणीने लाल शाईच्या खुणा एकेक करून दाखवल्या. दोन ठिकाणी क्रियापदाचा काळ चुकला, ‘रिव्हेंज’चे स्पेलिंग चुकले, आणि एक वाक्य सुरू होऊन संपलेच नव्हते. ताईंनी सगळे ऐकून घेतले, पेपरची घडी घालून पिशवीत ठेवला आणि विचारले, "ते वाक्य पुरं केलं असतं तर किती मिळाले असते?"